गाढवांच्या बाजाराचं प्रकरण

१

शनिवारी सकाळी ग्रंथपाल मोनिका साळवेनं बेलापूरच्या वाचनालयाचं काचेचं कपाट उघडलं आणि तपकिरी कव्हर घातलेलं एक जुनं पुस्तक हातात घेतलं. पुस्तक हलकं लागत होतं. घाईघाईनं पानं उलटली, तर आठवं प्रकरण संपलं की एकदम दहावंच सुरू. नववं गायब! शिवणीलगत ब्लेड फिरवून कुणीतरी अख्खं प्रकरण काढून नेलं होतं.

"हात झडो मेल्याचे!" ती मोठ्यानं म्हणाली. पेपर वाचत बसलेले दोघं म्हातारे दचकून वर बघायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, वाचनालयातल्या पुस्तकाची पानं जातात यात नवल ते काय? पाककृती जातात, नट्यांचे फोटो जातात, कोड्यांची पानं तर हमखास जातात. पण या पुस्तकाची गोष्टच निराळी होती. महिन्याभरापूर्वी बाद पुस्तकांचा गठ्ठा रद्दीत घालताना हे मोनिकाच्या हातातून निसटून उघडं पडलं होतं आणि पहिलंच वाक्य तिच्या नजरेत भरलं होतं: 'मी सलग चार वर्षं अकरा वर्षांचा होतो.'

कादंबरीचं नाव 'बारा पुरी नाहीत'. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी श्रीरामपुरातच छापलेली, लेखकाच्या जागी फक्त 'प्रवासी'. पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातला झुंबर नावाचा पोरगा दरसाल आईबापाबरोबर एसटीनं कारखान्यावर येतो. बाराच्या आत असेल तरच हाफ तिकीट, म्हणून आई प्रत्येक कंडक्टरला सांगते, "अजून बारा पुरी न्हाईत." पोरगा उंच होतो, गुडघे वाकवून उभा राहतो. आवाज फुटतो, मुका असल्याचं सोंग करतो. मिसरूड येतं, तोंडाला फडकं बांधतो. आणि मग एका ओळीत सांगून टाकतो की तिकिटाला मी लेकरू आणि कोयत्याला मी माणूस.

मोनिका राहायला श्रीरामपुरात. घरी जाताना एसटीत तिनं ते वाचायला घेतलं आणि खो खो हसत सुटली. स्टँड आला, सगळे उतरले, ही आपली बसलेलीच. कंडक्टर म्हणाला, "ताई, बरं हाय ना?" तिनं नुसतं पुस्तक वर करून दाखवलं. हसता हसता रडू कधी आलं ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. कुणी लिहिलं असेल हे? आपल्याच तालुक्यात, आपल्याच भाषेत एवढं मोठं माणूस होऊन गेलं आणि पुस्तक रद्दीत?

पुण्याच्या एका प्रकाशनातल्या संपादकबाई, स्नेहल, यांना तिनं पहिल्या दोन प्रकरणांचे फोटो पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला. "मोनिकाताई, मी ऑफिसात एकटीच वेड्यासारखी हसतेय. हे आम्ही छापणार." पण अटी दोन होत्या. पुस्तक पूर्ण हवं, कारण दुसरी प्रत कुठंच सापडत नव्हती. आणि लेखक कोण हे पक्कं हवं. वादातलं पुस्तक मालक हातात घेणार नव्हते. सोमवारी दुपारी स्नेहलबाई रेल्वेनं श्रीरामपूरला उतरणार होत्या.

आणि आज शनिवार. सगळं पुस्तक मोबाईलमध्ये काढून ठेवायचं सुचलं नाही, आता कपाळ बडवून काय उपयोग?

मोनिकानं पुस्तक खिडकीशी नेलं. कापलेल्या जागी पुढची-मागची पानं सुटू नयेत म्हणून कणकेची खळ लावली होती. बोटानं, मायेनं पसरलेली. खळीत एक तीळ चिकटून वाळला होता.

ती चक्रावली. कापणारा कापून पळतो. हा कसला चोर, जो कापतो आणि वर मलमपट्टीही करून ठेवतो?

२

बरं, त्या नवव्या प्रकरणात होतं तरी काय? मोनिकानं ते घरात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, त्यामुळे जवळजवळ पाठच होतं.

झुंबर आईबापाबरोबर मढीच्या यात्रेला जातो. मढी म्हणजे पाथर्डी तालुक्यातला कानिफनाथांचा गड. रंगपंचमीला तिथं गाढवांचा बाजार भरतो. व्यापारी गाढवाचे दात बघून वय सांगतात. गर्दीत एक व्यापारी गंमत म्हणून झुंबरचाच जबडा उघडतो आणि ओरडतो, "ह्यो तर पंधराचा!" आणि नेमका मागे उभा कोण? वर्षानुवर्षं हाफ तिकीट फाडणारा कंडक्टर! झुंबर पळत सुटतो, गडावरच्या बाबाच्या नावाचा जयजयकार करणाऱ्या गर्दीत हरवतो आणि पोलिसांच्या तंबूत पोचतो. हवालदार विचारतो, "कोनत्या देवाला आलास?" पोरगा म्हणतो, "गाढवाच्या बाजाराच्या देवाला." "आरं, नाव काय देवाचं?" "आई म्हनती, मढीचा बाबा." "नाव, नाव!" "मोठं हाय, तोंडात मावत न्हाई." हवालदार हात टेकतो. "बरं, तुझं वय काय?" तेव्हा झुंबर शांतपणे विचारतो, "एसटीतलं का भाईरचं?"

यात कुणाला झोंबावं असं काय होतं? ना कुणाची बदनामी, ना राजकारण. उलट सगळ्या पुस्तकातलं हे सोन्यासारखं प्रकरण. मग नेमकं हेच का?

या आठवड्यात पुस्तक दोनच घरी गेलं होतं. मोनिकानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हा प्रवासी कोण?' असं विचारलं तेव्हा दोनच दावे आले होते आणि दोघांनीही पुस्तक एकदा हातात घ्यायला मागितलं होतं. गुरुवारी आदिनाथनानांनी, शुक्रवारी गर्जे गुरुजींनी.

आदिनाथनाना म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. ऐंशीला टेकले तरी मिशा अजून कडक. मोनिका गेली तेव्हा ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते.

"नाना, पुस्तक तुम्हीच लिहिलंत म्हणता?"

"मंग! कंडक्टर कोन हुता? मी. परवासी कोनाला ठाऊक? मला."

"मग शेवटी काय होतं ते सांगा बरं."

नानांचा लसूण थांबला. "शेवटी... झुंबर कंडक्टर हुतो."

"नाही होत, नाना."

"न्हाई?" नाना खरोखरच हिरमुसले. मग मान हलवून म्हणाले, "खरं सांगू का पोरी, धा पानं वाचली आन् डोळ्यातनं पानीच आलं. लई बायांनी मला तेच सांगितलं गं, बारा पुरी न्हाईत. समदं दिसायचं मला. मी हाफच फाडायचो. वाटलं, ह्ये माझंच हाय. म्हनून म्हनलो. नववं का काय म्हनतीस, तिथवर गेलोच न्हाई. मिशीची आन."

खोटं बोलणारा माणूस असा मोकळा होत नाही. मोनिकाला त्यांचा राग येण्याऐवजी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पन झुंबर शेवटी करतो काय?" नानांनी मागून ओरडून विचारलं.

"आई बरोबर नसताना पहिल्यांदा एकटा एसटीत चढतो," मोनिका वळून म्हणाली. "कंडक्टर सवयीनं हाफ फाडायला लागतो. तर म्हणतो, 'फुल द्या. माझी बारा पुरी झाली.'"

नानांनी सोललेला लसूण बाजूला ठेवला आणि डोळे पुसले.

आता उरलं एकच घर.

३

त्या घरावर मात्र आधीच मांडव पडायला लागला होता. वाचनालयाचे अध्यक्ष अमृत नवले स्वतः शिडी धरून उभे होते आणि दारावर भलाथोरला फ्लेक्स चढत होता: 'आमचे गुरुवर्य, थोर विनोदी साहित्यिक श्री. कानिफनाथ गर्जे गुरुजी यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली गुरुजींपेक्षा अमृतभाऊंचाच फोटो मोठा.

"मोनिकाताई, सोमवारी सत्कार," अमृतभाऊ म्हणाले. "पुण्याच्या बाई, आमदार, समदे. वाचनालयाच्या नव्या हॉलला गुरुजींचंच नाव. पंचक्रोशीत साहित्यिक निघाला, ही काय साधी गोष्ट हाय का?"

"पण लेखक तेच कशावरून?"

"आता घ्या! प्रेसवाले म्हातारे अजून हायेत की श्रीरामपुरात. मी फोन केला. म्हनाले, कागद गर्जे मास्तरांच्या अक्षरातले हुते, मास्तर सोता घेऊन आल्ते. अजून काय पुरावा पायजे?"

मोनिकानं नववं प्रकरण गेल्याचं सांगितलं. अमृतभाऊंचा चेहरा कोराच. "नववं म्हंजे त्यात काय हुतं?" त्यांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नव्हतं. ते दिसतच होतं. त्यांना पानांशी काही देणंघेणं नव्हतं, हार घालायला एक गळा हवा होता.

आत गुरुजी खुर्चीत बसले होते. नव्वदीकडं झुकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला भितात म्हणून तसाच राहिलेला. मोनिकाच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली.

"गुरुजी, पुस्तक तुम्हीच लिहिलंत?"

"अक्षर माझंच होतं," गुरुजी म्हणाले.

"तो हवालदाराचा विनोद कसा हो सुचला तुम्हाला?"

गुरुजींच्या सुरकुत्यांत हसू पसरलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड केलं. "तो... तो आपोआपच आला."

"नववं प्रकरण कुणीतरी कापून नेलंय."

हसू विझलं. म्हाताऱ्याचे हात खुर्चीवर चाचपडायला लागले. "नववं? कुणी? अहो, तेच तर..." हे नाटक नव्हतं. त्यांना ही बातमी नवीन होती.

तेवढ्यात त्यांच्या बायको, लंकाबाई, बाहेर आल्या. अडुसष्टच्या असतील, अंगानं काटक, नऊवारी चापूनचोपून नेसलेली. मोनिका त्यांना चांगली ओळखत होती. दर शुक्रवारी गुरुजींसाठी दोन पुस्तकं न्यायला वाचनालयात यायच्या. पुस्तकाला पदर लावून पुसायच्या, कपाळाला टेकवायच्या आणि पिशवीत ठेवायच्या. कालही 'बारा पुरी नाहीत' त्याच घेऊन गेल्या होत्या आणि संध्याकाळी फडक्यात गुंडाळून परत आणून दिलं होतं. मोनिकानं फडकं सोडून तसंच कपाटात ठेवलं होतं.

"बस की बाई," लंकाबाईंनी तिच्या तळहातावर मूठभर रेवड्या ठेवल्या. "मढीच्या बाबाचा परसाद हाय. पाव्हन्यांनी धाडलाय यात्रेतनं."

बोलताना त्यांनी मोनिकाकडं बघितलं नाही.

मोनिका उठली, दाराबाहेर आली. रेवडी तोंडात टाकली आणि सहज तळहात पाहिला. हातभर तीळ चिकटले होते.

४

रविवारी मोनिका सासूबाईंबरोबर चर्चमध्ये बसली होती खरी, पण मन देवाकडं कुठं होतं? तीळ त्या घरातला. म्हणजे पानं त्या घरात कापली गेली. पण स्वतःच्या पुस्तकातलं सगळ्यात झकास प्रकरण लेखक कशाला कापेल? आणि गुरुजींना तर ते माहीतही नव्हतं. डोळे गेलेला माणूस शिवणीलगत सरळ ब्लेड चालवेल तरी कसा?

थांबा. डोळे गेलेत. गुरुजींना दोन वर्षं दिसत नाही. मग दर शुक्रवारी ती दोन पुस्तकं वाचतं कोण?

त्या दिवशीचं वाचन सासूबाईंकडं होतं. त्या सावकाश उठल्या, चष्मा लावला, शास्त्र उघडलं आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "आजचं वाचन. चौथं शुभवर्तमान, अध्याय दुसरा."

मागच्या बाकांवर नेहमीसारखी खसखस पिकली. पाळकसाहेबही मिशीतल्या मिशीत हसले. बायबलातलं चौथं शुभवर्तमान म्हणजे योहानाचं. आणि योहान हे सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सासूबाईंच्या तोंडून ते नाव कधी उतरलं नव्हतं. पाळकांनी समजावून पाहिलं, पोरांनी चिडवून पाहिलं. "नवऱ्याचं नाव घेऊन देवाचं वाचू व्हय?" एवढंच त्या म्हणायच्या. मोनिका लग्न होऊन आली तेव्हापासून हे ऐकत होती. इतकं ऐकलं होतं की हल्ली ऐकूच येत नव्हतं.

आज ऐकू आलं.

'आरं, नाव काय देवाचं?' 'आई म्हनती, मढीचा बाबा.' 'नाव, नाव!' 'मोठं हाय, तोंडात मावत न्हाई.'

मोनिका भर चर्चमध्ये ताडकन उभी राहिली. सासूबाईंनी वाचता वाचता चष्म्यावरून तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ती पुन्हा मटकन बसली. चोर सापडला होता, लेखकही सापडला होता, आणि माणूस एकच होता.

५

सोमवारी सकाळी गुरुजींच्या घरात अमृतभाऊ हार मोजत बसले होते. मोनिका दारातूनच म्हणाली, "भाऊ, हार जरा बाजूला ठेवा. आधी माझं ऐका. लंकाबाई, तुम्ही पण या."

लंकाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"मढीच्या यात्रेवर कुणी चार ओळी लिहिल्या तरी कानिफनाथांचं नाव येतंच," मोनिका म्हणाली. "नवव्या प्रकरणात गड आहे, गाढवं आहेत, हवालदार आहे. देवाचं नाव मात्र शोधून सापडत नाही. लोक जयजयकार करतात, तोही बाबाच्या नावाचा. हवालदार जीव तोडून विचारतो, तरी पोरगा नाव घेत नाही. ज्याचं स्वतःचंच नाव कानिफनाथ, तो लेखक हे नाव कशाला टाळेल? उलट हौसेनं लिहील. हे नाव जिच्या तोंडात मावत नाही ती एकच बाई या घरात आहे. परवा प्रसाद देतानासुद्धा ती म्हणाली, मढीच्या बाबाचा."

अमृतभाऊंच्या हातातला हार खाली आला.

"गुरुजींना दोन वर्षं दिसत नाही, पण पुस्तकं जातात ती वाचून परत येतात. खूण घातलेलं पान मी पाहिलंय. आणि खळीत रेवडीचा तीळ होता. ज्यानं कापलं त्याला त्या पुस्तकाची माया होती, म्हणून कापून झाल्यावर त्यानं पानं सांधली. अक्षर गुरुजींचं होतं, ते खरंच आहे. पण पुस्तक लंकाबाईंचं आहे."

गुरुजी हळूच म्हणाले, "लंका, नववं तू कापलंस?"

"मंग काय करू?" लंकाबाई एकदम उसळल्या. "शुक्रवारी अमृतनं सांगितलं, दारावर येवढाल्या अक्षरात तुमचं नाव लागनार. मला तवाच नववं आठवलं. पुन्याची बाई शिकलेली. एक डाव वाचलं की तिला उमगनार. मंग भर सभेत तुमच्या गळ्यातला हार लोकं उतरवनार. आयुष्यभर पोरं शिकवली, कुनी एक फूल दिलं न्हाई तुमाला. आता कुटं हार पडाय लागला, तर माझ्या एका प्रकरनापायी जाऊ द्यायचा व्हय? दुसऱ्याचं असतं तर हात लावला नसता बाई. माझंच हुतं, म्हनून कापलं."

मोनिकाला आता उलगडा झाला. हिनं स्वतःचं सगळ्यात लाडकं लेकरू नवऱ्याच्या हारासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, आणि बाकीच्यांना थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घातलं होतं.

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मोनिकाताई, मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. अमृतनं हार पुढं केला आणि मी मान वाकवली. लग्न झालं तेव्हा हिला अक्षर येत नव्हतं. चुलीपुढं बसून लहानपण सांगायची आणि मी हसून हसून लोळायचो. म्हटलं, लिहून काढतो. ती सांगणार, मी लिहिणार. मी एखादा शब्द बदलला की म्हणायची, आता ह्ये हसत न्हाई, पहिला घाला. मी एकही शब्द बदलला नाही."

"आणि देवाचं नाव?"

गुरुजी रडता रडता हसायला लागले. "तेच तर! मी लेखणी धरून बसलेलो, म्हटलं, अगं, यात्रेत देवाचं नाव तर घाल. म्हणे, गाढवाच्या बाजाराचा देव लिहा. मी म्हटलं, नाव काय देवाचं? म्हणे, मढीचा बाबा. मी ओरडलो, नाव, नाव! म्हणे, मोठं हाय, तोंडात मावत न्हाई. मी चिडून तेच जसंच्या तसं लिहून टाकलं. तो हवालदार मीच आहे, ताई."

मोनिकालाही हसू आवरेना. जी रीत बाईचं तोंड बांधते, त्याच रीतीतून हिनं सगळ्या पुस्तकातला सर्वांत मोठा हशा काढला होता. आणि काढताना हिला ठाऊकही नव्हतं की आपण काहीतरी थोर करतो आहोत.

"झुंबर म्हणजे तुम्हीच ना?" तिनं विचारलं.

"मीच की. पोरीच्या गमतीला कोन हसतंय? म्हनून पोरगा केला. नाव आमी दोघांनीबी नको म्हनलं. मास्तर लोकं चेष्टा करतील ह्ये भ्या ह्यांना, आन् मला तर सगळ्याचंच." लंकाबाईंचा आवाज खाली आला. "छापून आलं तवा मला वाचाया येत नव्हतं. मंग ह्याच पुस्तकावर शिकले. पुढचा शबुद कोनचा, ते तोंडपाठच हुतं ना, त्याला अक्षर लावत गेले. माझं पहिलं वाचलेलं पुस्तक माझंच."

अमृतभाऊ नाक ओढत म्हणाले, "गुरुजी, आता हॉलचं काय करायचं?"

"फ्लेक्स उतरव आधी," गुरुजी म्हणाले.

लंकाबाईंनी फळीवरचा रेवड्यांचा डबा काढला. रेवड्यांच्या खाली, स्वच्छ फडक्यात, नववं प्रकरण होतं. मोनिकानं पानं हातात घेतली.

"कव्हरवर नाव काय घालायचं?" तिनं विचारलं. "लंकाबाई कानिफनाथ गर्जे?"

लंकाबाईंनी लाजून पदर तोंडाला लावला. गुरुजींनी मात्र हात वर केला. "मधलं नाव नको. तिनं सगळ्या पुस्तकात घातलं नाही, कव्हरवर कशाला?"

६

स्नेहलबाईंची गाडी यायला अवकाश होता. त्यांना आणायला मोनिका आणि लंकाबाई बेलापुरातून एसटीत बसल्या. लंकाबाईंच्या मांडीवर पुस्तक, आणि नववं प्रकरण पुन्हा त्याच्या जागेवर. सकाळीच त्यांनी ताजी खळ करून बसवलं होतं. हवा तापली होती, खिडकीतून उसाच्या फडाचा वास येत होता. म्हातारी बाहेर बघत होती. मोनिका तिच्याकडं चोरून चोरून बघत होती. इतकी वर्षं ही बाई दर शुक्रवारी आपल्यासमोर उभी राहायची आणि आपण तिला नुसता शिक्का मारून द्यायचो, असं तिच्या मनात येत होतं.

कंडक्टर तरुण मुलगी होती. गळ्यात तिकिटाचं मशीन. "श्रीरामपूर दोन? लेडीज म्हणजे दोन हाफ."

"एक हाफ," लंकाबाई म्हणाल्या. "माझं फुल."

मुलगी हसली. "आजी, आता सगळ्या बायांना हाफच असतंय. सरकारनंच केलंय."

"ठावं हाय मला." लंकाबाईंनी कनवटीचे पैसे काढून पुढं धरले. "लई वर्सं हाफवर बसले. आज फुल दे."

"अहो, पण जास्तीचे पैसे कशाला..."

"दे गं बाई," म्हातारी म्हणाली. "माझी बारा पुरी झाली."

मुलीनं मोनिकाकडं पाहिलं. मोनिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती नुसती मान हलवत होती. कंडक्टरनं खांदे उडवले, मशीनची बटणं दाबली आणि तिकीट फाडून दिलं.

लंकाबाईंनी ते डोळ्यांजवळ धरलं. अक्षरांवर बोट फिरवत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "एक पूर्ण." आणि घडी न घालता नवव्या प्रकरणात ठेवून दिलं.